अमेरिकेत बंदूक घेताना तपासणीत ‘डिले’ आला तर

दुकानातल्या माणसाने पडद्याकडे पाहिलं आणि आवाज जरा खाली आणून म्हणाला, ‘‘डिले आलाय.’’ माझ्यामागे रांगेत तिघे-चौघे उभे होते. माझी कानशिलं तापली. घरी येईपर्यंत गाडीत मी अमेरिकेतली सगळी वर्षं उलगडून पाहिली. वेगाचं एक चलन आणि घर बदलल्यावर उशिरा कळवलेला पत्ता, याहून काही सापडेना. तरी मनात राहिलंच की सरकारदरबारी आपल्या नावापुढे काहीतरी काळं लिहिलेलं असणार.

तसं काही नव्हतं. पण पुढच्या वर्षभरात तोच शब्द तीनदा ऐकला, तेव्हा कुठे त्यातून बाहेर पडायची वाट सापडली. टेक्सासमध्ये आमच्या ओळखीतले बरेच मराठी लोक आता शनिवारी सकाळी क्ले शूटिंगला (हवेत उडवलेल्या तबकड्यांवर नेम धरायला) जातात, काहीजण हरणांच्या शिकारीला. त्यांच्यापैकी कुणालातरी अधूनमधून हा ‘डिले’, म्हणजे तपासणीचं उत्तर लांबणीवर पडणं, भेटतो आणि मग मला फोन येतो. फोनवर जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे. मी वकील नाही. व्हिसाचा किंवा जुन्या खटल्याचा गुंता असेल तर वकिलाकडेच जा.

१. मुळात तुम्हाला बंदूक घेता येते का?

अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डधारक दुकानातून बंदूक घेऊ शकतात. दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड असलं तरी चालतं. मात्र एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ अशा तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना संघराज्याचा कायदा बंदूक बाळगूच देत नाही. याला काही अपवाद आहेत. त्यातला नेहमी सांगितला जाणारा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. हा अपवाद खरा आहे. पण ग्रीन कार्डचा अर्ज अडकलेला असताना नुसत्या त्याच्या भरवशावर पाऊल टाकू नका, आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. आणि हातात काम करण्याचा परवाना आला म्हणजे ग्रीन कार्ड आलं असं होत नाही, हेही लक्षात असू द्या.

इथेच एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती आपल्याकडे सर्रास चुकते. ‘बाळगणं’ म्हणजे फक्त विकत घेणं नव्हे. व्हिजिटर व्हिसावर आलेले आईबाबा, एफ-१ वर शिकायला आलेला भाचा, यांना हौसेने रेंजवर नेऊन बंदूक हातात दिली तरी ते बाळगणंच धरलं जातं. भाड्याची बंदूक असली तरीही. पाहुण्यांना तबकड्या फुटताना दाखवायला जरूर न्या, पण बंदूक त्यांच्या हातात देऊ नका.

२. तुमच्या राज्यात तपासणी कोण करतं ते शोधा

बंदूक विकणाऱ्या परवानाधारक दुकानाला (सगळे त्याला एफएफएल म्हणतात) विक्रीआधी गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासून घ्यावी लागते. १९९३ च्या ब्रेडी कायद्याने हे बंधन आणलं आणि ३० नोव्हेंबर १९९८ पासून त्यासाठी ‘निक्स’ ही राष्ट्रीय यंत्रणा चालते. ती एफबीआयची आहे आणि तिचं काम वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गहून चालतं.

टेक्सास, ओहायो, जॉर्जिया, ॲरिझोना अशा राज्यांत दुकानदार थेट एफबीआयकडे विचारणा करतो. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, इलिनॉय, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया इथे मधे राज्याची यंत्रणा असते. ती निक्सही पाहते आणि स्वतःच्या नोंदीही. मेरीलँडमध्ये हँडगनची तपासणी राज्य पोलीस करतात. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण डिले आल्यावर दाद कुणाकडे मागायची ते यावरून ठरतं. दुकानात पहिलाच प्रश्न विचारा: ‘‘तपासणी एफबीआय करते की राज्य?’’

दुसरा घोळ होतो तो राज्याच्या सक्तीच्या थांब्याचा. कॅलिफोर्नियात तपासणी स्वच्छ निघाली तरी १० दिवस बंदूक मिळत नाही, इलिनॉयमध्ये ७२ तास. हा डिले नव्हे, तो सगळ्यांनाच लागू असलेला नियम आहे. कॅलिफोर्नियात तपासणी अपुरी राहिली तर मात्र राज्य ३० दिवसांपर्यंत वेळ घेऊ शकतं. शिवाय न्यू जर्सी आणि इलिनॉयमध्ये दुकानात जाण्याआधीच ओळखपत्र काढावं लागतं, आणि तिथल्या मराठी मंडळींचा बराचसा खोळंबा त्या पायरीवरच होतो. या लेखात पुढे जे आहे ते मुख्यतः एफबीआयकडून थेट तपासणी होणाऱ्या राज्यांना धरून आहे.

३. घरून निघताना सोबत काय घ्यायचं

- सरकारने दिलेलं, फोटो असलेलं, मुदतीतलं ओळखपत्र. बहुतेक जण ड्रायव्हिंग लायसन्स नेतात.
- लायसन्सवर जुना पत्ता असेल तर सध्याचा पत्ता दाखवणारा आणखी एक सरकारी कागद, उदाहरणार्थ गाडीचं रजिस्ट्रेशन. विजेचं बिल किंवा बँकेचं पत्रक म्हणजे सरकारी कागद नव्हे. ते घेऊन गेलेले दोघे माझ्या माहितीतले आहेत आणि दोघेही हात हलवत परत आले.
- ग्रीन कार्ड. त्यावरचा नऊ आकडी यूएससीआयएस क्रमांक फॉर्मवर लिहावा लागतो. आठवणीवर विसंबू नका.
- सोशल सिक्युरिटी क्रमांक. याबद्दल पुढे लिहिते.
- वही आणि पेन. हे कुणी सांगत नाही, पण डिले आला तर दुकानातच काही गोष्टी टिपून घ्याव्या लागतात.

ग्रीन कार्डधारकांनी घर बदलल्यावर १० दिवसांत नवा पत्ता इमिग्रेशनला कळवायचा असतो, एआर-११ या अर्जाने. अनेकांचं हे राहून जातं. खरेदीला जायच्या आधी ते उरकून घ्या.

४. फॉर्म ४४७३ भरताना

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. खरं तर अर्धं काम इथेच होतं किंवा बिघडतं. हा फॉर्म एटीएफ या, बंदुकांचे नियम पाहणाऱ्या संघराज्याच्या खात्याचा आहे. दुकानात कागदावर नाहीतर टॅब्लेटवर भरायचा असतो. मागे गर्दी असली तरी घाई करू नका.

*नाव.* आपल्या नावांची मांडणी या देशाच्या चौकटीत बसत नाही, आणि माझ्या मते मराठी बायकांना डिले येतो त्यामागे हे मोठं कारण असतं. समजा माहेरचं नाव वसुधा दत्तात्रय जोशी. लग्नात नाव बदललं आणि झाली अनुराधा मकरंद देशपांडे. दहावीच्या दाखल्यावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं. पासपोर्टात ‘अनुराधा मकरंद’ हे दोन्ही शब्द ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात जातात. मग लायसन्सच्या कार्यालयात कुणी मकरंदला मधलं नाव करतो, कुणी दोन्ही शब्द पहिल्या नावात घालतो, कुणी मकरंदला गाळूनच टाकतो. एकच बाई, पण संगणकासाठी तीन. पुरुषांचं थोडं सोपं, तरी वडिलांचं नाव कुठे पूर्ण आणि कुठे नुसतं आद्याक्षर असतंच. त्यात ‘वैद्य’सारखं आडनाव रोमन लिपीत तीन-चार प्रकारांनी लिहिलं जातं.

म्हणून फॉर्मवर पूर्ण कायदेशीर नाव लिहा. लायसन्स आणि ग्रीन कार्डावरची नावं जुळत नसतील तर खरेदीच्या आधी लायसन्स दुरुस्त करून घ्या. त्या कार्यालयात एक सकाळ जाईल, पण पुढचे महिने वाचतील. मी हे उलट्या क्रमाने केलं आणि त्याची किंमत वेळाने मोजली. मधलं नाव नसेलच तर रकाना कोरा सोडायचा नाही. तिथे काय लिहायचं ते फॉर्मच्या सूचनांत दिलेलं आहे, नुसतं आद्याक्षर असेल तर त्यासाठीही खूण आहे.

*जन्मतारीख.* इथे महिना आधी, दिवस नंतर. आपला हात सवयीने दिवस आधी लिहितो आणि ५ ऑगस्टचा ८ मे होऊन बसतो. चूक दिसतही नाही, कारण दोन्ही तारखा खऱ्याच वाटतात. दिवस १२ किंवा त्याहून आतला असेल तर दोनदा तपासा.

*सोशल सिक्युरिटी क्रमांक.* हा देणं ऐच्छिक आहे. आपण सावध माणसं, ऐच्छिक म्हटलं की कोरं सोडतो. मी सांगेन की लिहा. तुमच्यासारखंच नाव आणि जन्मतारीख असलेला दुसरा कुणी नोंदींत असेल, तर तुम्ही तो नव्हे हे ठरवायला या क्रमांकाचा उपयोग होतो, आणि फॉर्मवर तो रकाना आहेच त्यासाठी.

*पत्ता.* राहता पत्ता, पोस्ट बॉक्स नव्हे. काउंटीचं नाव लागतं, आणि घर शहराच्या हद्दीत आहे का हेही विचारतात. उपनगरात राहणाऱ्यांनी हे आधीच पाहून ठेवावं.

*हो-नाहीचे प्रश्न.* प्रत्येक प्रश्न पूर्ण वाचा. गुन्ह्यासंबंधीचे प्रश्न दोषी ठरलात का, आरोप दाखल आहे का, असे आहेत. ‘कधी अटक झाली होती का’ असा प्रश्न नाही. गांजाचा प्रश्न नीट समजून घ्या. कोलोरॅडो किंवा कॅलिफोर्नियात तो राज्यापुरता कायदेशीर असला तरी संघराज्याच्या कायद्यात नाही, आणि फॉर्मवर तसा ठळक इशारा छापलेला आहे. खोटं उत्तर लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. ग्रीन कार्डधारकाने तर इथे कणभरही धोका पत्करू नये.

आणि पहिलाच प्रश्न: ही बंदूक खरोखर तुमच्यासाठीच आहे का? त्याकडे पायरी ८ मध्ये पुन्हा येते.

५. काउंटरवर मिळणारी तीन उत्तरं

दुकानदार फोनवर किंवा संगणकावरून माहिती पाठवतो. यंत्रणा तीन मोठ्या साठ्यांत शोधते: देशभरातली वॉरंटं आणि संरक्षण आदेश, राज्याराज्यांतल्या गुन्ह्यांच्या नोंदी, आणि बंदूक घेण्यास मनाई असलेल्यांची निक्सची स्वतःची यादी. तुम्ही नागरिक नसाल तर इमिग्रेशनच्या नोंदींचीही वेगळी विचारणा होते. उत्तर तीनपैकी एक येतं.

‘प्रोसीड’ म्हणजे व्यवहार करा. ‘डिनाय’ म्हणजे मनाई. ‘डिले’ म्हणजे नोंदींत कुठेतरी काहीतरी जुळल्यासारखं दिसतंय, माणसाने बसून पाहायला हवं. दहापैकी साधारण नऊ जणांना उत्तर तिथल्या तिथे मिळतं, उरलेल्यांना थांबावं लागतं. डिले हा ठपका नाही. दुकानदाराला त्याचं कारण कळत नाही, त्यामुळे त्याच्याशी वाद घालून काही निघत नाही. तो तुमच्याकडे संशयाने पाहतोय असं वाटलं तरी त्याच्यासाठी हा रोजचा प्रसंग आहे.

त्याच वेळी वहीत टिपून घ्या: तपासणीची तारीख, निक्सचा व्यवहार क्रमांक (त्याला एनटीएन म्हणतात), आणि दुकानदाराला पडद्यावर दिसणारी ‘ब्रेडी ट्रान्सफर डेट’. हा व्यवहार क्रमांक पुढे प्रत्येक अर्जात लागतो. मी पहिल्या वेळी तो घेतलाच नाही, आणि दोन महिन्यांनी त्यासाठी दुकानात खेपा घातल्या.

६. डिले का येतो

तुमच्या बाबतीतलं नेमकं कारण बहुधा कधीच सांगितलं जात नाही. मलाही सांगितलं नाही. पण नेहमीची कारणं थोडीच आहेत.

एक, नावाचा आणि जन्मतारखेचा सारखेपणा. पाटील, शिंदे, जोशी, कुलकर्णी हे इथेही आता शेकड्यांनी आहेत.

दोन, इमिग्रेशनच्या नोंदीशी नाव किंवा क्रमांक न जुळणं. नुकतंच नागरिकत्व घेतलेल्यांची नोंद जुनीच राहिलेली असू शकते.

तीन, आणि हे सगळ्यात चिवट: जुन्या अटकेची नोंद आहे, पण पुढे काय झालं ते लिहिलेलं नाही. घरात भांडण झालं, शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला, एकाला नेलं, नंतर आरोप मागे घेतले गेले. घरच्यांसाठी प्रकरण तिथेच संपलं. पण अटकेची नोंद संगणकात गेली आणि निकाल न्यायालयाच्या कपाटात राहिला. एफबीआयचा कर्मचारी मग त्या काउंटीच्या न्यायालयाला विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो. घरगुती हिंसाचाराच्या किरकोळ समजल्या जाणाऱ्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यालाही बंदूक ठेवायला मनाई आहे, म्हणून असा निकाल कळेपर्यंत त्यांना ‘प्रोसीड’ म्हणता येत नाही.

असं काही तुमच्या बाबतीत घडलेलं असेल तर लपवू नका. त्या न्यायालयाच्या क्लार्ककडून निकालाची प्रमाणित प्रत आजच मागवा. आपल्याबद्दल काय नोंद आहे हे पाहायचं असेल तर बोटांचे ठसे आणि १८ डॉलर शुल्क भरून एफबीआयकडून स्वतःच्या नोंदीचा उतारा मिळतो. मी तो मागवला. त्यात काहीच नव्हतं, आणि तो कागद हातात आल्यावर मी खूप दिवसांनी शांत झोपले.

७. दिवस मोजायचे कसे

कायदा एफबीआयला कामकाजाचे तीन दिवस देतो. तपासणीचा दिवस धरायचा नाही. राज्याची सरकारी कार्यालयं बंद असतील ते दिवसही धरायचे नाहीत. शुक्रवारी तपासणी झाली तर सोमवार, मंगळवार, बुधवार हे तीन दिवस, आणि तोवर उत्तर आलं नाही तर गुरुवारपासून दुकानदार बंदूक देऊ शकतो. शनिवारी तपासणी झाली तरी हिशोब तोच. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी दुकानांत झुंबड असते आणि अनेक राज्यांत कार्यालयं बंद, म्हणून त्या आठवड्यात जाणं टाळलेलंच बरं.

वय २१ पेक्षा कमी असेल तर २०२२ च्या कायद्याने जास्तीची तपासणी होते. अल्पवयातल्या नोंदी पाहण्याची गरज दिसली तर मुदत १० कामकाजाच्या दिवसांपर्यंत जाते. मुलांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे चिडचिड होणार नाही.

आता कळीचा शब्द: दुकानदार ‘देऊ शकतो’. त्याने दिलीच पाहिजे असं नाही. बरीच दुकानं स्पष्ट ‘प्रोसीड’ येईपर्यंत बंदूक देत नाहीत. माझा याबद्दल राग होता, आता नाही. २०१५ साली साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांचा जीव घेणाऱ्याला बंदूक याच फटीतून मिळाली होती: तपासणी अपुरी, तीन दिवस उलटलेले, दुकानाने दिलेली. त्यानंतर एखादा दुकानदार थांबतो म्हणाला तर त्याला चूक कसं म्हणायचं? मात्र पैसे भरण्याआधी त्याचं धोरण विचारा. डिले लांबला तर बंदूक किती दिवस राखून ठेवणार? व्यवहार रद्द केला तर पैसे पूर्ण परत की काही कापून? मी न विचारता पैसे भरले होते आणि रद्द करताना त्यातले काही गेले.

आणखी दोन आकडे पाठ असावेत. एक ३०: तपासणी सुरू झाल्यापासून ३० दिवसच ती त्या व्यवहाराला चालते. दुकान थांबून राहिलं आणि ३० दिवस सरले तर तपासणी पुन्हा करावी लागते, म्हणजे पुन्हा डिलेची शक्यता. माझा दुसरा डिले असाच आला. दुसरा आकडा ८८: उत्तर न सापडलेली चौकशी एफबीआय ८८ व्या दिवसापर्यंत चालू ठेवते, मग ती नोंद काढून टाकली जाते.

बंदूक घ्यायला दुसऱ्या दिवशी किंवा नंतर गेलात तर फॉर्मवर पुन्हा सही आणि तारीख लागते. आधीची उत्तरं अजून खरी आहेत असं त्या सहीने तुम्ही सांगता. त्यामुळे घरच्या कुणाला ‘जाऊन घेऊन ये’ म्हणता येत नाही. आणि दुकानाने तीन दिवसांनंतर बंदूक दिली, नंतर ‘डिनाय’ आला, तर एटीएफचे लोक ती परत घ्यायला येऊ शकतात. तसं झालं तर मुकाट सहकार्य करा आणि वकिलाला फोन करा.

८. वाट पाहताना हे मुळीच करू नका

‘‘तुझ्या नावाने अडतंय ना, मग नवऱ्याच्या नावाने घे की.’’ हे मला तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं, तिघेही भले. पण दुसऱ्यासाठी असलेली बंदूक स्वतःसाठी म्हणून घेणं याला ‘स्ट्रॉ परचेस’ म्हणतात. फॉर्मवर असं खोटं लिहिणं हा गुन्हाच आहे. आणि ज्याला बंदूक ठेवायला मनाई आहे त्याच्यासाठी अशी घेतली, तर २०२२ पासून तो संघराज्याच्या कायद्यात वेगळा गुन्हा आहे आणि त्याला १५ वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. बायकोला वाढदिवसाची खरीखुरी भेट देणं वेगळं. तिचा डिले चुकवण्यासाठी, तिच्या पैशाने, तिच्यासाठीच घेणं वेगळं. ग्रीन कार्डधारकासाठी बंदुकीचा गुन्हा म्हणजे देशातून काढून टाकलं जाण्याचं कारण. तीन महिन्यांची वाट कितीही कंटाळवाणी असली तरी या वाटेला जाऊ नका.

दुकानं बदलत फिरू नका. विचारणा त्याच यंत्रणेकडे जाते आणि उत्तरही बहुधा तेच येतं. चौथ्या दिवशी दुकानदाराच्या डोक्यावर जाऊन बसू नका, एक फोन पुरतो. आणि ऑनलाइन ओळख झालेल्या अनोळखी माणसाकडून तपासणीशिवाय घेण्याचा मोह आवरा. काही राज्यांत ते कायदेशीर असेलही, पण ती बंदूक आधी कुणाच्या हातात होती हे तुम्हाला कधी कळणार नाही.

९. ‘डिनाय’ आला तर

हे आपल्या लोकांत कमी घडतं, पण घडतं. दुकानदार कारण सांगू शकत नाही. तुम्ही एफबीआयकडे कारण विचारू शकता आणि निर्णयाला आव्हान देऊ शकता. अर्ज त्यांच्या संकेतस्थळावरून करता येतो, व्यवहार क्रमांक लागतो, ओळख चुकली असं म्हणणं असेल तर बोटांचे ठसे पाठवावे लागतात. नकार राज्याच्या यंत्रणेने दिला असेल तर आधी तिथे जा. २०२२ च्याच दुसऱ्या एका कायद्यामुळे नकाराची खबर स्थानिक पोलिसांनाही जाते, म्हणून पोलिसांचा फोन आला तर घाबरून जाऊ नका, पण वकिलाशी बोलल्याशिवाय खुलासेही देत बसू नका.

१०. पुन्हा पुन्हा डिले येत असेल तर यूपिन काढा

मला हे कुणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर वर्ष वाचलं असतं.

एकदा तपासून ‘प्रोसीड’ दिलेल्या माणसाला पुढच्या वेळी पुन्हा डिले का येतो? कारण कायद्यानेच एफबीआयला ‘प्रोसीड’ झालेल्या व्यवहारातली ओळखीची माहिती २४ तासांच्या आत पुसून टाकावी लागते. सरकारकडे बंदूकधारकांची यादी तयार होऊ नये म्हणून ही तरतूद आहे. परिणाम असा की काल ज्या कर्मचाऱ्याने तासभर खपून ‘ही ती नव्हे’ असं ठरवलं, त्याचं काम आज कुठेच शिल्लक नसतं. पुढच्या खरेदीला सगळं पहिल्यापासून.

यावर उपाय म्हणजे ‘व्हॉलंटरी अपील फाइल’, सगळे तिला व्हीएएफ म्हणतात. यात तुम्ही आपणहून परवानगी देता की माझी माहिती ठेवा आणि पुढच्या वेळी पाहा. अर्ज मंजूर झाला की एक वैयक्तिक क्रमांक मिळतो, तो यूपिन.

काय लागतं:

- एफबीआयच्या संकेतस्थळावरचा अर्ज, सहीसह.
- बोटांच्या ठशांचं कार्ड. ठसे पोलीस ठाण्यात किंवा ठसे घेण्याचा अधिकार असलेल्या ठिकाणी घ्या. तिथे थोडं शुल्क पडू शकतं. ठसे पुसट आले तर अर्ज परत येतो, म्हणून आठवडाभर आधीपासून हातांना तेल किंवा क्रीम लावा. भांडी आणि बागकाम करणाऱ्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात, माझं पहिलं कार्ड याच कारणाने बाद झालं.
- आधीच्या डिलेचे व्यवहार क्रमांक.
- आधारासाठी कागद: ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत, जुन्या अटकेच्या निकालाची प्रमाणित प्रत, नाव बदललं असेल तर विवाहाचा दाखला आणि जुनी सगळी नावं लिहिलेलं एक साधं पत्र. आपल्याकडचा मराठी दाखला असेल तर त्याचं प्रमाणित भाषांतर सोबत जोडा.

उत्तराला महिने लागू शकतात, म्हणून शिकारीचा मोसम तोंडावर आल्यावर अर्ज करण्यात अर्थ नाही. डिले आला त्याच आठवड्यात करा. टेक्सासमध्ये राहत असाल आणि वय २१ पूर्ण असेल तर राज्याचा हँडगन बाळगण्याचा परवाना काढण्याचाही विचार करा. तो असला तर खरेदीच्या वेळी निक्सची विचारणा न करता व्यवहार करायला दुकानदाराला कायद्याने मुभा आहे. त्या परवान्याची तपासणी आधीच झालेली असते. वापरायचा की नाही हे मात्र दुकान ठरवतं.

यूपिन असला तरी तपासणी प्रत्येक खरेदीला होतेच, आणि लगेच ‘प्रोसीड’ येईल याची हमी कुणी देत नाही. तुमच्या बाबतीत पुढे काही बदललं, तर तेही त्यांना दिसणारच. फॉर्म ४४७३ वर यूपिनसाठी वेगळा रकाना आहे. तो बहुतेकांचा कोरा असतो, त्यामुळे नव्या विक्रेत्याच्या तो लक्षातही येत नाही आणि तो क्रमांक पुढे पाठवतच नाही. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याला यूपिन असूनही डिले आला तो एवढ्याचसाठी. फॉर्म परत देताना त्या रकान्यावर बोट ठेवा आणि सांगा, ‘‘हा नंबरही टाका.’’ मग तो टाकतोय ना, ते उभं राहून पाहा.